फुकट चित्रपटाची विकतची डिस्क : ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची क्रायटेरियन आवृत्ती

जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा भयपट अमेरिकेत कोणाच्याही मालकीचा नाही. तो तिथे कोणीही दाखवावा, कोणीही छापावा, कोणीही विकावा. त्यासाठी परवानगी लागत नाही की स्वामित्वधन द्यावे लागत नाही. इंटरनेटवर तो पूर्ण लांबीचा आणि राजरोस उपलब्ध आहे. असे असूनही निवडक चित्रपटांच्या संग्राह्य आवृत्त्या काढणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी कंपनीने २०१८ साली त्याची दोन ब्लू-रे डिस्कची आवृत्ती काढली, २०२२ साली तिला ब्लू-रेहून अधिक स्पष्ट चित्र देणाऱ्या ४के डिस्कची जोड दिली, आणि माझ्यासारख्या काही जणांनी ती पैसे मोजून घेतली. या खरेदीत शहाणपणा कितपत आणि हौस कितपत, एवढाच या परीक्षणाचा प्रश्न आहे.

हा चित्रपट बेवारस कसा झाला, ही गोष्ट डिस्क जमवणाऱ्यांच्या वर्तुळात इतक्या वेळा सांगितली जाते की ती दंतकथा वाटावी. पण ती खरी आहे. रोमेरो आणि त्यांच्या पिट्सबर्गमधल्या साथीदारांनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तयार केलेल्या चित्रपटाचे शीर्षक आधी ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ असे होते आणि कॉपीराइटची सूचना त्या शीर्षकाच्या पाटीवरच होती. वॉल्टर रीड ऑर्गनायझेशन या वितरण संस्थेने नाव बदलले, नवी पाटी तयार केली आणि तिच्यावर ती सूचना घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार सूचना नसलेली कलाकृती प्रदर्शित झाली की तिच्यावरचा हक्कच उरत नसे. एका ओळीच्या चुकीने निर्मात्यांच्या हातून पुढच्या अनेक वर्षांची कमाई गेली.

संग्राहकाच्या दृष्टीने मात्र नुकसान निराळेच झाले. मालक नसलेल्या चित्रपटाची काळजी कोणी घेत नाही, आणि नक्कल मात्र सगळे करतात. व्हिडिओ कॅसेटच्या आणि पुढे डीव्हीडीच्या काळात असंख्य लहानमोठ्या कंपन्यांनी हाताला लागेल त्या प्रिंटवरून हा चित्रपट बाजारात आणला. कोणाची प्रिंट ओरखड्यांनी भरलेली, कोणाची इतकी जुनी की तुटलेल्या जागी काही चौकटी गळून पात्र वाक्याच्या मध्येच जागा बदलत असे. याखेरीज त्याच्या रंगीत केलेल्या आवृत्त्या आल्या, आणि १९९९ साली तिसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने नव्याने चित्रित केलेले प्रसंग व नवे संगीत जोडलेली एक आवृत्तीही आली, जिचा उल्लेख निघाला की आजही चाहत्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. योगायोग असा की त्याच १९९९ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा चित्रपट जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत घेतला.

माझ्याकडे आलेली पहिली प्रत एकाच डीव्हीडीवर चार भयपट कोंबलेल्या एका स्वस्त संचातली होती. एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते. म्हणजे प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला सव्वा जीबीसुद्धा आले नव्हते. आकसलेल्या चित्रात सर्वांत आधी बळी जातो तो अंधाराचा, कारण डोळ्याला तिथे कमी कळते असे गृहीत धरून संगणक तिथला तपशील आधी काटतो. या चित्रपटाचा मोठा भाग तर रात्रीच घडतो. कथेतली माणसे ज्या शेतावरच्या घरात अडकतात, त्याबाहेर उभी असलेली चालती प्रेते मला अनेक वर्षे राखाडी ठोकळ्यांचा थवा म्हणूनच माहीत होती. पाहून झाल्यावर माझे मत असे बनले होते, आणि ते मी इतरांनाही ऐकवले होते, की कल्पना अस्सल आहे, शेवट जबरदस्त आहे, पण चित्रपट तांत्रिकदृष्ट्या हौशी मंडळींचा आहे. नव्या डिस्कने ते मत पहिल्या वीस मिनिटांतच मोडीत काढले.

या आवृत्तीच्या मुळाशी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि द फिल्म फाउंडेशन यांनी केलेले ४के रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या फिल्मचे चित्र नव्याने उतरवून केलेली दुरुस्ती, आहे. ते नकलेच्या नकलेवरून केलेले नसून कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून केले आहे, आणि त्यावर खुद्द रोमेरो, सहलेखक जॉन रुसो, निर्माते रसेल स्ट्रायनर आणि ध्वनीची बाजू सांभाळणारे गॅरी स्ट्रायनर यांची देखरेख होती. रोमेरो जुलै २०१७ मध्ये वारले. डिस्क बाजारात आली ती त्यानंतर काही महिन्यांनी. त्यामुळे चित्रपट कसा दिसावा याविषयी दिग्दर्शकाने स्वतः दिलेली संमती या आवृत्तीला लाभली आहे, आणि अर्धशतक उलटलेल्या चित्रपटांच्या बाबतीत ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही.

चित्राबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खरेदीचे समर्थन करायचे तर ते मुख्यतः तिथेच करता येते. मूळच्या १.३७:१ या जवळजवळ चौकोनी गुणोत्तरात चित्र आता पूर्ण दिसते. जुन्या प्रतींत कडेला कापली जाणारी डोकी आणि हात जागच्या जागी आले आहेत. काळा रंग खरोखर काळा आहे, पण त्या काळ्यातही पायऱ्या आहेत: बेन दारे-खिडक्यांवर फळ्या ठोकत असताना त्याच्या चेहऱ्यावर एका बाजूने पडलेला उजेड, दुसऱ्या बाजूची सावली आणि त्यामागच्या भिंतीची आणखी गडद सावली या तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळखू येतात. हा फरक केवळ देखणेपणाचा नाही. बेनची भूमिका करणारा ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट या चित्रपटाचा नायक आहे, आणि अंधार गिळून टाकणाऱ्या निकृष्ट प्रतींमध्ये सर्वाधिक नुकसान त्याच्याच अभिनयाचे झाले होते. इतरांचा थरकाप उडालेला असताना तो मनातल्या मनात जी आकडेमोड करत असतो, ती त्याच्या डोळ्यांत चालते. मला ती या डिस्कवर पहिल्यांदा दिसली. तळघरात लपावे की वरच थांबावे या वादात तळघराचा आग्रह धरणाऱ्या हॅरीच्या भूमिकेतल्या कार्ल हार्डमन यांच्या कपाळावरचा घामही आता स्पष्ट दिसतो, आणि त्या माणसाचा राग हा भीतीचा मुखवटा आहे हे कोणी न सांगता समजते.

फिल्मचे मूळचे कण, ज्यांना आपण सगळे ‘ग्रेन’ म्हणतो, पुसून टाकलेले नाहीत. काही कंपन्या स्वच्छतेच्या नावाखाली ते कण घासून काढतात आणि माणसांचे चेहरे मेणाचे करून टाकतात. इथे त्वचा ही त्वचाच राहिली आहे. ज्यांना हे कण म्हणजे दोष वाटतात त्यांनी ही डिस्क घेण्याआधी आपल्या टीव्हीवरचे चित्र गुळगुळीत करणारे सगळे पर्याय बंद करून पाहावेत. अनेकदा दोष तिथे असतो.

या रिस्टोरेशनवर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. चित्रपटाचा ओबडधोबडपणा हेच त्याचे सामर्थ्य होते, ओरखड्यांमुळे तो खऱ्या आपत्तीच्या बातमीपटासारखा भासत असे आणि आता तो फारच नीटनेटका झाला आहे, असे काही जुने चाहते म्हणतात. त्यांची भावना मला समजते. मध्यरात्री खरखरत्या पडद्यावर पाहिलेला भयपट आणि झळझळीत ब्लू-रे यांत काहीतरी हरवते हे खरे आहे. परंतु बातमीपटाचा भास रोमेरो यांनी ओरखड्यांवर सोपवलेला नव्हता. तो त्यांनी हातात धरलेल्या कॅमेऱ्यातून, तिरक्या चौकटींतून, मधूनमधून येणाऱ्या टीव्ही-रेडिओच्या बातमीपत्रांतून आणि शेवटच्या स्थिरचित्रांच्या मालिकेतून रचला होता. ती स्थिरचित्रे वर्तमानपत्रात छापल्यासारखी भरड दिसतात. भरडपणा हेतुपुरस्सर कुठे आहे आणि नकलेतून कुठे आला, हे वेगळे काढण्याची सोय जुन्या प्रतींत नव्हती, कारण तिथे सगळेच भरड होते. आता सुरुवातीची दफनभूमी इतकी लख्ख दिसते की शेवटची मिनिटे आधीपेक्षा जास्त बोचतात.

ध्वनी एकाच ट्रॅकचा, म्हणजे मोनो आहे आणि ब्लू-रेवर तो न आकसता दिला आहे. त्याला उगाच भोवतालून येणारा करण्याचा मोह टाळला, हे उत्तम झाले. पार्श्वसंगीत या चित्रपटासाठी रचलेलेच नव्हते. ते तयार संगीताच्या संग्रहातून निवडून जोडलेले आहे, आणि स्वच्छ ध्वनीत ही निवड किती चोखंदळ होती ते कळते. रातकिड्यांचा आवाज कुठे थांबतो याकडे कान द्यावा.

पुरवणी साहित्य भरपूर आहे, पण सगळे सारख्या तोलाचे नाही. ज्या मंडळींनी हा चित्रपट काढला ती त्याआधी पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि कारखान्यांसाठीचे माहितीपट तयार करत होती. त्या कंपनीवर रुसो यांनी केलेला कार्यक्रम मला या संचातला सर्वांत मोलाचा वाटला. एखाद्या साध्या वस्तूवर प्रकाश कसा टाकला म्हणजे ती विकली जाईल याचा सराव असलेल्या माणसांनी हे घर, या फळ्या आणि हे चेहरे चित्रित केले आहेत, हे लक्षात आले की ‘हौशी’ हा शब्द तोंडात अडकतो. १६ मिमीवरच्या दैनंदिन चित्रीकरणाची चित्रफीत थोडक्यात आटोपते, तरी पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. ‘नाइट ऑफ अनुबिस’ या जुन्या कामचलाऊ शीर्षकाची, कच्च्या संकलनाची प्रतही इथे प्रथमच दिली आहे. अभ्यासकांना तिच्यात रस वाटेल, इतरांनी पाच मिनिटे चाळून बाजूला ठेवली तरी चालेल. गिलेर्मो देल तोरो, फ्रँक डॅराबाँट आणि रॉबर्ट रॉड्रिग्ज या दिग्दर्शकांनी केलेले कौतुक ऐकायला सुखद आहे, पण त्यातून नवे फारसे हाती लागत नाही.

दोन कॉमेंटरी ट्रॅक, म्हणजे चित्रपट चालू असताना ऐकायची समालोचने, १९९४ साली ध्वनिमुद्रित झालेले आहेत, आणि जुने असणे हाच त्यांचा गुण आहे. सहभागी मंडळी एकमेकांना चिडवतात, रक्त म्हणून वापरलेल्या चॉकलेट सिरपच्या आठवणी काढतात, आपल्याच चुका मोठ्याने दाखवतात. त्यांतले कित्येक जण आज हयात नाहीत. चित्रपटासोबत असे समालोचन देण्याची प्रथाही क्रायटेरियननेच १९८४ साली ‘किंग काँग’च्या लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) सुरू केली होती, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही. ड्वेन जोन्स १९८८ साली वारले, त्यामुळे ते या गप्पांत नाहीत. त्यांची जतन केलेली मुलाखत स्वतंत्रपणे दिली आहे आणि ती आधी ऐकावी असे मी सुचवेन. एक गंमत अशी की ज्या चित्रपटाने आजचा झोंबी जन्माला घातला, त्यात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही. तिथे या प्रेतांना ‘घूल’ (प्रेतभक्षक पिशाच) म्हणतात.

आता उणिवा. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालावी अशी कुलूपबंद केलेली असू शकते. अमेरिकी ब्लू-रे आवृत्ती विभाग ‘ए’साठी आहे, विभाग ‘बी’ किंवा ‘सी’चा प्लेअर असणाऱ्याला तो सर्व विभाग चालवणारा आहे की नाही हे आधी पाहावे लागेल. ४के डिस्कला विभागाचे कुंपण नसते, परंतु संचातल्या ब्लू-रे डिस्कना ते राहतेच, आणि बहुतेक पुरवण्या ब्लू-रेवरच असतात. उपशीर्षके फक्त इंग्रजी आहेत. पिट्सबर्गच्या परिसरातले उच्चार आणि बातमीपत्रांचा वेग पाहता ती लावूनच पाहणे बरे.

ब्लू-रे आधीच घेतली असेल तर ४केसाठी पुन्हा खर्च करावा का? मोठा पडदा किंवा प्रोजेक्टर असेल तर रात्रीच्या दृश्यांत सावल्यांच्या छटा थोड्या वाढतात आणि ग्रेन अधिक बारीक व स्वाभाविक दिसतो. बेताच्या आकाराच्या टीव्हीवर मला दोन्ही आलटून पालटून लावूनही फरक शोधावा लागला. डीव्हीडीवरून ब्लू-रेवर येताना जी झेप आहे, तिच्यापुढे ही पायरी लहान आहे, कारण दोन्हींच्या मागे स्कॅन एकच आहे. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांनी सरळ ४के संच घ्यावा. त्यात ब्लू-रे येतेच. ज्यांना चित्रपट एकदाच, कथेपुरता पाहायचा आहे त्यांना ही आवृत्ती सुचवण्याचे मला कारण दिसत नाही. ९६ मिनिटे आणि एक फुकटची प्रत त्यांना पुरेशी आहे. फक्त ती प्रत रंगीत केलेली किंवा १९९९ सालची नाही, एवढे पाहून घ्यावे.

माझी ती चार भयपटांची डीव्हीडी मी अद्याप टाकलेली नाही. तुलना दाखवायला ती उपयोगी पडते, आणि शिवाय तिच्यावरच्या बाकीच्या तीन चित्रपटांच्या याहून बऱ्या प्रती अजून माझ्या हाती लागलेल्या नाहीत.