आरपीसी ऑनलाइन: रोमन सम्राज्ञींच्या नाण्यांसाठी काही महिने वापरल्यावर

रोमन साम्राज्यातल्या पूर्वेकडच्या शहरांनी पाडलेली ब्राँझची नाणी ओळखायची असतील, तर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज ऑनलाइन’ (आरपीसी) या साइटला पर्याय नाही, असं माझं मत गेल्या काही महिन्यांत पक्कं झालंय. साइट मोफत आहे.

माझ्याकडचं नाणं दोन चेहऱ्यांचं. डावीकडे तरुण सम्राट गॉर्डियन तिसरा, समोर कपाळावर मुकुटपट्टी ल्यालेली बाई. खाली नावाची चारच अक्षरं शिल्लक. मागे हातात सुकाणू घेतलेली टायकी, म्हणजे शहराची भाग्यदेवता, आणि शेजारी सुटं एप्सिलॉन हे ग्रीक अक्षर. साइटवर आधी सम्राट निवडला, मग वाचता आलेली अक्षरं टाकली, शेवटी वजन आणि व्यास ताडून पाहिले. उत्तर मिळालं: मार्सियानोपोलिस, आजच्या बल्गेरियातलं देवन्या. एप्सिलॉन म्हणजे ५ हा आकडा: ५ असारिया (तेव्हाचं लहान चलन), नाण्याची किंमत. बाई म्हणजे ट्रँक्विलिना, इ.स. २४१मध्ये गॉर्डियनची पत्नी झालेली. रोमच्या टांकसाळीतली तिची नाणी अतिशय दुर्मिळ. पण प्रांतांतल्या शहरांनी तिला भरभरून जागा दिली. माझ्या मते या नाण्यांची खरी श्रीमंती इथेच आहे. राजधानीत जी जेमतेम दिसते, ती काळ्या समुद्राकाठच्या बाजारात रोज हातोहात फिरत होती!

नंतर मी नुसत्या देवी शोधत बसले. पर्गामोनचं एक नाणं बघाच. एका बाजूला ऑगस्टसची पत्नी लिव्हिया, नाण्यावरच्या लेखात चक्क ‘हेरा’, ग्रीकांची देवराणी. दुसऱ्या बाजूला त्याची मुलगी जूलिया, प्रेमदेवता ‘अफ्रोदिते’ म्हणून. याच जूलियाला बापाने इ.स.पू. २मध्ये हद्दपार केलं. अलेक्झांड्रियात नीरोची आई अ‍ॅग्रिपिना कणसांचा मुकुट घालून येते, धान्यदेवता डिमीटरसारखी.

बाजारभाव इथे मिळत नाही, तो या साइटचा विषयच नाही. इंग्रजी जमायला हवं, ग्रीक मुळाक्षरं ओळखता आली तर काम निम्मं होतं. इंग्रजी ‘सी’सारखं दिसणारं अक्षर ‘स’ वाचायचं, हे आधी पाठ करा. फोटो काढताना उजेड बाजूने तिरपा पाडा, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. आणि खरेदीआधी त्याच प्रकाराचे साइटवरचे सगळे नमुने शेजारी ठेवून बघा: केसांची वळणं, अक्षरांची ठेवण, वजन. विक्रेत्याने दिलेल्या नावावर विसंबू नका, साइटवरचा प्रकार क्रमांक मागा.