कॉफी तीच, पाकीट मात्र बिघडवलं

माझ्या नेहमीच्या ब्रँडच्या कॉफीबद्दल तक्रार नाही. नवं पाकीट फोडल्यावर पहिला कप अजूनही पूर्वीसारखाच होतो: मध्यम भाजणी, कडवटपणामागून येणारा गोडवा. पण आठवडा उलटला की तीच कॉफी मिळमिळीत लागते, आणि याला कंपनीने बदललेलं पाकीट जबाबदार आहे.

जुनं पाकीट दिसायला साधं होतं. चंदेरी फॉइल, बाजूंना घड्या, पुढे छोटा व्हॉल्व्ह आणि वर तार घातलेली पट्टी. त्याचा खरा गुण म्हणजे ते गुंडाळता यायचं. कॉफी संपत जाईल तसं पाकीट खालपर्यंत दुमडायचं, हवा दाबून काढायची आणि पट्टीची टोकं वळवायची. कॉफी शिळी होते ती मुख्यतः ऑक्सिजनमुळे, आणि त्याला आत जागाच उरत नसे. नवं पाकीट फळीवर उभं राहावं म्हणून तळ रुंद आणि पापुद्रा ताठ केलाय, त्यामुळे दुमडलं तरी ते लगेच उलगडतं. अर्धी कॉफी संपली की उरलेली जागा हवेने भरते आणि दर वेळी उघडलं की आत ताजी हवा जाते. दिवसातून चार वेळा उघडझाप होणाऱ्या घरात याचा परिणाम लवकर कळतो.

पट्टीच्या जागी झिप आली, पण दळलेल्या कॉफीसाठी ती योग्य नाही. चमचा बाहेर काढताना बारीक पूड झिपच्या खाचेत बसते आणि मग झिप लागल्यासारखी दिसते, पण लागलेली नसते. कोरड्या ब्रशने खाच झाडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीत दाबत जा आणि मग पाकीट हलकेच दाबून पाहा. हवा फुसफुसत सुटली तर झिप उघडीच आहे. फाडायची खूणही झिपला इतकी चिकटून दिली आहे की हाताने फाडताना चीर तिरकी जाऊन झिपच तुटते. कात्री घ्या आणि झिपच्या वर 1 सेंमी सोडून कापा.

व्हॉल्व्ह गेला, हे बियांच्या पाकिटात जास्त खटकतं. भाजलेल्या बियांमधून कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. एकेरी व्हॉल्व्ह तो बाहेर सोडतो आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. तो नसेल तर कंपनीला बिया भरण्याआधी थांबवून ठेवाव्या लागतात, नाहीतर पाकीट फुगतं. पाकीट फोडल्यावर मात्र व्हॉल्व्हचं काम संपतं, म्हणून मला पट्टी गेल्याचं वाईट जास्त वाटतं.

भाजल्याची तारीखही काढून टाकली आहे. आता फक्त ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ एवढंच छापलेलं असतं, आणि त्यावरून कॉफी दोन आठवड्यांची आहे की सहा महिन्यांची हे कळत नाही. ताजेपणा तपासायचा तर 15 ग्रॅम कॉफीवर 30 मिली गरम पाणी ओता आणि अर्धा मिनिट थांबा. पूड फुगून बुडबुडे आले तर वायू शिल्लक आहे. नुसतीच ओली होऊन बसली तर बराचसा निघून गेलेला आहे.

वजन 250 ग्रॅमवरून 200 ग्रॅमवर आलं, पाकिटाची उंची मात्र तेवढीच ठेवली. कपाला 15 ग्रॅम धरले तर 16 कपांऐवजी 13 कप. कमी द्यायचं होतं तर पाकीटही लहान करायला हवं होतं.

नवं पाकीट पर्यावरणाला बरं, असा कंपनीचा सूर आहे. पण बाहेरून कागद आणि आतून प्लास्टिकचा थर चिकटवला की तेही सहज पुनर्वापरात जात नाही. एकाच जातीच्या प्लास्टिकची, व्हॉल्व्ह असलेली पाकिटं आज बनतात. तो मार्ग घ्यायला हवा होता.

तोवर उपाय एवढाच: पाकीट उघडताच कॉफी रिकामी करा. दळलेल्या 200 ग्रॅमला साधारण 500 ते 600 मिली जागा लागते, म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी 300 मिलीचे दोन घट्ट झाकणाचे, अपारदर्शक डबे घ्या आणि काठोकाठ भरा. पहिला संपेपर्यंत दुसरा उघडू नका. दुसरा फ्रीझरमध्ये ठेवलात तर बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण काढायचं नाही, नाहीतर पुडीवर दव धरतं.

बिया घेत असाल आणि घरी दळत असाल तर हा ब्रँड सोडायची गरज नाही. दळलेली घेणाऱ्यांनी दुकानात पाकीट नाकाशी धरून पाहावं. व्हॉल्व्ह नसलेल्या बंद पाकिटातून बाहेर खमंग वास येत असेल, तर तो सुवास आतल्या कॉफीतून निघून चाललाय. ते पाकीट परत ठेवा.