कॉन्व्हेंटमधले स्पेशल तास लई भारी, लायब्ररी तेवढी सुधारा
पोरगी तिसरीत आहे, कोल्हापुरात आमच्या भागातल्या कॅथलिक शाळेत. म्युझिक, ड्रॉईंग, पीटी, कॉम्प्युटर सगळ्याला वेगळ्या टीचर. म्युझिकचा तास तर नाद खुळा! ख्रिसमसच्या क्वायरसाठी कीबोर्डवर डो रे मी पक्कं करून घेतात आणि घरी आजी सा रे ग म म्हणायला लावते, तर आता पोरगी दोन्ही आपोआप जुळवून गाते, थोर गायक अल्लादिया खाँसाहेब राहिलेल्या गावात पोरांचा कान असा तयार व्हायलाच पाहिजे ओ. ड्रॉईंगच्या मॅडम छापील चित्रं रंगवायला देत नाहीत, कोरा कागद देतात, पुढं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्यांना याचा लई उपयोग होणार. कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास फक्त ख्रिश्चन मुलांना, बाकीच्यांना त्या वेळी मॉरल सायन्स, कसली जबरदस्ती नाही. कॉम्प्युटर ठीकठाक.

पीटी मात्र पावसाळ्यात जवळजवळ बंदच, हॉल असून वापरत नाहीत हे मला अजिबात पटत नाही, ज्या कोल्हापूरनं पैलवान खाशाबा जाधवांपासून नेमबाज स्वप्निल कुसाळेपर्यंत ऑलिंपिक पदकं आणली तिथं पोरं चार भिंतीत बसवायची? लायब्ररीत मराठी पुस्तकं एकाच कपाटात, तीही जुनी.

ॲडमिशन घेणार असाल तर आधी टाइमटेबल मागून बघा, आठवड्याला कुठले तास किती आहेत ते.