रंगाखालची काळी-पिवळी

मला तयार गाडी हवी होती. आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी विकली तेव्हा मी कॉलेजात होतो. स्टिअरिंगलगतचा तो गिअरचा दांडा डोक्यातून काही गेला नव्हता. मित्र सांगत होता, मोडकी घे, पत्रा सोलून काढ, सवडीने उभी कर. माझा हिशेब वेगळा होता. डेंटर-पेंटर, इंजिनकाम, क्रोम, सीटा धरून चारेक लाख आणि दोन वर्षं जाणार. इथे १९८२ची, 'एका डॉक्टरांची, सिंगल ओनर', नुकतीच पूर्ण केलेली गाडी ३,४०,००० ला मिळत होती.

गॅरेजवाल्याने मोबाइलवर आठ फोटो दाखवले. उघडा पत्रा, वेल्डिंग, प्रायमर, मग रंग. कोपऱ्याकोपऱ्यांत जुना आकाशी रंग दिसत होता. त्या फोटोंवरच मी भाळलो. एकाही फोटोत नंबरप्लेट नाही, हे तेव्हा सुचलंच नाही.

मी पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. "साहेब, तुम्ही येणार म्हणून एक चक्कर मारून ठेवली." किती अगत्य! घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी चालू केली आणि निळ्या धुराने शेजारी बाहेर आले. मेकॅनिकने ऑइल काढलं तर काकवीसारखं दाट. इंजिनातल्या पिस्टनच्या घासलेल्या रिंगा झाकायला ही जुनी युक्ती आहे म्हणे.

एवढ्यावर भागलं असतं तर पन्नास-साठ हजारांत गप्प बसलो असतो. पण पहिल्याच पावसाळ्यात दाराखालच्या पट्टीवर रंगाला फोड आले. डेंटरने खिशातून लोहचुंबक काढून लावलं, ते खाली पडलं. बोटभर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली होती. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळ, खांब, या पट्ट्या, हाच तिचा सांगाडा, आणि तो कुजला तर वरचा रंग काय कामाचा? त्याने लांबी खरवडली. प्रायमरखाली काळा रंग. मग छताचं अस्तर उचकटलं तर आत पिवळा.

माझी 'डॉक्टरांची गाडी' मुंबईची टॅक्सी होती.

तिथे टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली. त्याआधी कित्येक वर्षं असे सांगाडे निघतच होते.

खरा फटका आरटीओत बसला. गॅरेजवाल्याने मालकी बदलाचे २९-३० नंबरचे फॉर्म सही करून हातात दिले होते, ट्रान्सफर 'नंतर होईल' म्हणाला होता, आणि मी पूर्ण पैसे देऊन मोकळा! तपासणीत साहेबांनी पत्र्यावर कोरलेल्या चेसिस नंबरावर टॉर्च मारला, बोटाने कड चाचपली. नंबराच्या चहूबाजूंनी वेल्डिंगची शिवण. कुणाच्या तरी कुजलेल्या गाडीतला नंबराचा तुकडा कापून टॅक्सीच्या पत्र्यात बसवलेला. ट्रान्सफर थांबलं, पोलिसात जबाब झाला, गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे. डागडुजी करायची म्हटलं तरी कायद्याने ती आधी नक्की कोणती गाडी आहे हे ठरायला हवं.

घेणाऱ्याने एवढं तरी करा. न सांगता जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. चुंबक फडक्यात गुंडाळून पट्ट्या, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ यांवर फिरवा. कामाचे फोटो मागा, पण चेसिस नंबर आणि उघडा पत्रा एकाच फोटोत असेल तरच धरा. नंबराभोवतीचा पत्रा जाणत्या डेंटरला दाखवा, त्याचे हजार रुपये गेले तर जाऊ देत. आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत निम्मे पैसे राखून ठेवा. आढेवेढे घेतले तर तिथूनच परत फिरा.

मित्राची मोडकी पद्मिनी अजून विटांवर आहे. तळाच्या भोकांतून फरशी दिसते. पण तिचं प्रत्येक भोक त्याला ठाऊक आहे.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्हीच बघून घेतली ना?" गेल्या आठवड्यात एका मरून रंगाच्या पद्मिनीच्या जाहिरातीत तेच आठ फोटो दिसले. कोपऱ्यांत तोच आकाशी रंग. किंमत ३,७५,०००.