स्कोपच्या रिंगा: नऊ महिने, चारशेच्या वर फैरी आणि दोन जोड्या

झिरो, म्हणजे निशाण आणि गोळी जुळवून ठेवलेली जागा, हलत होता आणि तीन महिने मी दोष देत होतो स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीला. .३०८ ची बोल्ट-ॲक्शन रायफल, ३० मिमी नळीचा आणि ५० मिमी पुढच्या भिंगाचा स्कोप. संध्याकाळी १०० मीटरवर झिरो पक्का करून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीची पहिलीच गोळी चार बोटं डावीकडे लागावी. मी झिरो परत आणायला स्कोपच्या चकतीच्या क्लिक फिरवायचो. पुन्हा दहा-बारा फैरींनंतर तेच. काडतुसं बदलून पाहिली, रायफलीची नळी साफ केली, श्वासावर आणि ट्रिगरवर मेहनत घेतली. शिकारीच्या रायफलीवर असा अविश्वास ठेवून रानात जाता येत नाही, कारण चार बोटांची चूक म्हणजे जनावर जखमी होऊन निसटणार. तो हंगाम मी घरीच बसलो.

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं रायफल वापरतो. त्याने स्कोपला हातही लावला नाही. म्हणाला, "आधी नेलपॉलिशची रेघ मार, मग बोलू." रिंग (स्कोपला धरणारं कडं) आणि रेल (रायफलीवरची खाचांची पट्टी) यांच्या सांध्यावर एक रेघ, रिंग आणि स्कोपच्या नळीच्या सांध्यावर दुसरी. लाल, केसाएवढी बारीक. वीस फैरींनंतर भिंग घेऊन पाहिलं तर मागच्या रिंगेवरची रेघ तुटलेली होती. रिंगेवरचा अर्धा तुकडा रेलवरच्या तुकड्यापेक्षा थोडा पुढे सरकला होता. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक स्कोपवर ही रेघ असते.

कारण साधं निघालं आणि ते दुकानातून आणतानाच माझ्या हातात होतं. रायफलीवरची रेल पिकाटिनी, म्हणजे मिल-एसटीडी-१९१३ या अमेरिकी लष्करी मानकाची. तिच्या खाचा ०.२०६ इंच, म्हणजे ५.२३ मिमी रुंद असतात. मी आणलेल्या रिंगा वीव्हर पद्धतीच्या होत्या. त्यांचा आडवा बोल्ट ०.१८० इंचाच्या, म्हणजे ४.५७ मिमी खाचेसाठी बनवलेला. वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर बसतात हे खरं आहे, आणि "बसतात" एवढंच मी वाचलं होतं. पण खाचेत साधारण ०.६६ मिलिमीटर मोकळीक उरते. उलट बाजूने तर बसतच नाही, पिकाटिनीचा जाड बोल्ट वीव्हरच्या अरुंद खाचेत जात नाही.

आता धक्क्याचा विचार करा. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते आणि स्कोप आपल्या वजनामुळे जागीच राहू पाहतो. म्हणजे रायफलीच्या हिशेबाने स्कोप पुढे सरकायला बघतो, प्रत्येक फैरीला. म्हणून रिंग बसवताना ती हाताने रायफलीच्या नळीच्या तोंडाकडे दाबून, बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवूनच आवळायची असते. मी उलट केलं होतं: डोळ्याचं अंतर जमवायला रिंगा मागे ओढल्या आणि तशाच आवळल्या. धक्क्याला अडवायला पुढे भिंतच नव्हती, फक्त पकड होती.

दुसरी गोष्ट जोडी काढल्यावर कळली. स्कोपच्या काळ्या नळीवर मागच्या रिंगेच्या जागी चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा होता, एकाच बाजूला. रिंग नीट गोल नव्हती. शिवाय मी वरची टोपी एका बाजूला पार टेकेपर्यंत आवळली होती आणि दुसऱ्या बाजूला फट होती. टोपी खालच्या अर्ध्याला टेकली की तुम्ही पुढे कितीही आवळा, जोर धातूवर धातू दाबण्यात जातो, नळीवर नाही. दोन्हीकडची फट सारखी दिसलीच पाहिजे.

नवी जोडी घेताना मी सगळ्यात जास्त वेळ उंचीवर घालवला, आणि तो सत्कारणी लागला. कंपन्या लो, मीडियम, हाय असं लिहितात आणि एकाचं मीडियम ते दुसऱ्याचं हाय असतं. त्याहून फसवं म्हणजे कुणी रेलच्या वरच्या पृष्ठापासून नळीच्या मध्यापर्यंतची उंची देतं, कुणी नळीच्या तळापर्यंतची. ३० मिमी नळीला या दोन आकड्यांत १५ मिमीचा फरक पडतो. तेव्हा आकडा कशापासून कशापर्यंत आहे ते आधी विचारा.

माझा हिशेब असा झाला. पुढच्या भिंगाची घंटा, म्हणजे स्कोपचं फुगीर तोंड, बाहेरून ५७ मिमी, अर्धी २८.५. जिथे ती येते तिथे रायफलीची नळी रेलच्या पृष्ठापेक्षा १२ मिमी खाली आहे, म्हणजे मध्यापर्यंत किमान १६.५ मिमी उंची हवी. त्यावर भिंगाच्या झाकणाचे २ आणि बोट न अडकता पुसता यावं म्हणून ३. आले २१.५. मी २२ मिमीच्या रिंगा घेतल्या. जुन्या २८ च्या होत्या. सहा मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण गाल दस्त्यावर टेकला की चित्र पूर्ण दिसतं की मान उचलून शोधावं लागतं, हा सगळा फरक त्या सहांत आहे. रानात रायफल झटकन खांद्याला लावताना तो पहिल्याच दिवशी जाणवला. मात्र एक गोष्ट बघून घ्या: रायफलीचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) उचलल्यावर त्याची मूठ स्कोपच्या मागच्या भागाला लागता कामा नये. माझ्या रायफलीत जेमतेम बोट जातं. हातमोजे घालून फिरणाऱ्याने दोन मिमी जास्त घ्यावेत.

धातू म्हणाल तर मी पोलादाची घेतली. वजन केलं तर जोडी १९० ग्रॅम भरली, जुनी ॲल्युमिनियमची १०५ होती. दिवसभर चालणाऱ्याला ८५ ग्रॅम कळतात, हे मान्य. चांगल्या ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमच्या रिंगा .३०८ चा धक्का आरामात सोसतात. माझा राग ॲल्युमिनियमवर नव्हता, वेड्यावाकड्या कातलेल्या रिंगांवर होता. रिंगा आतून किती गोल आणि एकमेकींच्या किती रेषेत, यावर सगळं आहे. दोन रिंगांच्या मध्यांत १०० मिमी अंतर असेल आणि एक ०.१ मिमीने तिरकी बसली तर १०० मीटरवर १० सेंटिमीटरचा फरक पडतो. बऱ्याच स्कोपची एक क्लिक त्या अंतरावर साधारण ७ मिमी, म्हणजे चौदा क्लिक फक्त रिंगेची चूक भरून काढण्यात गेल्या. बेस, म्हणजे रिंगांखालचा आधार, दोन तुकड्यांचा असेल तर हा धोका जास्त. त्यांच्यासाठी बरिस कंपनीच्या सिग्नेचरसारख्या, आत प्लॅस्टिकचे गोलाकार इन्सर्ट असलेल्या रिंगा आहेत. इन्सर्ट स्वतः वळून नळीशी जुळतात आणि ओरखडा पडत नाही. माझी रेल एकसंध आहे, म्हणून मी साध्या घेतल्या आणि रिंगा आतून घासून जुळवायच्या भानगडीत पडलो नाही.

बसवायला पूर्ण संध्याकाळ घेतली. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर काढलेला. रेलचे आणि बेसचे स्क्रू तेल पुसून, निळा लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावून. रिंगांच्या टोप्यांचे स्क्रू मात्र कोरडे, कारण लॉकटाइट ओला असताना वंगणासारखा वागतो आणि जोर मोजणारा पाना दाखवतो त्यापेक्षा नळी जास्त आवळली जाते. टोप्यांना १८ इंच-पाउंड, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर. रेलवरच्या नटाला माझ्या रिंगांच्या कागदावर ६५ इंच-पाउंड होते. इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांत बारा पटींचा फरक आहे, पाना हातात घेण्याआधी ते दोनदा वाचा. खांबावर ओळंबा टांगला आणि त्याच्या दोऱ्याला स्कोपची उभी रेघ जुळवली. आवळताना नळी हमखास थोडी फिरते, म्हणून स्क्रू कर्णरेषेत, पाव-पाव फेऱ्याने. मला तिसऱ्या खेपेला जमलं.

त्यानंतर सहा महिने, चारशेहून जास्त फैरी. गाडीच्या मागे आदळत गेलेली रायफल, दोनदा पावसात चिंब, एकदा ओल्या दगडावर घसरून स्कोपच्या बाजूवरच पडली. तेव्हा पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही जुन्याच जागी, अंगठ्याने झाकता येतील अशा. लाल रेघ आजही अखंड आहे. या काळात झिरो दुरुस्त करायला मी एकूण दोन क्लिक फिरवल्या, त्याही काडतुसाचं वजन बदलल्यावर.

तक्रारी आहेत. पावसानंतर स्क्रूच्या डोक्यांभोवती गंजाचे ठिपके आले. तेलाच्या फडक्याने गेले, पण पोलाद घेतलंत तर दर वेळी पुसायची सवय लावून घ्या. टोपीचे टी-१५ (तारेसारख्या खाचेचे) स्क्रू मऊ वाटतात, एकाचं डोकं मी सोबत आलेल्या चावीने बिघडवलं. ती चावी बाजूला ठेवून चांगला बिट वापरा आणि दोन जादा स्क्रू जवळ ठेवा. आणि सोबतच्या कागदावर उंची फक्त "लो" अशी लिहिली आहे. मिलिमीटर मला व्हर्नियरने मोजावे लागले, याचा अजून राग येतो.

आता .२२ वर छोटा स्कोप लावायचा आहे. तिच्यावर ११ मिमीचा डोव्हटेल (तिरक्या कडांची पट्टी) आहे, धक्का नावालाच. तिथे हलक्या ॲल्युमिनियमच्या रिंगा पुरतील. व्हर्नियर मात्र या वेळी खरेदीला जातानाच खिशात असेल, नेलपॉलिशची बाटलीही.