काही महिने व्हीआर वापरल्यावर: ‘केवढं’ ते कळतं, ‘का’ ते कळत नाही

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, डोळ्यांवर हेडसेट बांधला की आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असं वाटायला लावणारं तंत्र. तो हेडसेट घेऊन बरेच महिने झाले, नवलाई कधीच संपली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. गेमसाठी घेतलाच नव्हता मी. मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या, यात गोष्ट नीट सांगता येते का आणि यातून खरंच काही शिकता येतं का, की चार दिवस सगळ्यांना दाखवून कपाटात जाणारं यंत्र आहे हे. कुठला हेडसेट घ्यावा वगैरे यात काही नाही, तसले रिव्ह्यू ढिगाने आहेत.

सुरुवात सगळे करतात तशीच, ३६० डिग्री व्हिडिओंपासून (चहूबाजूंनी शूट केलेले, मान फिरवाल तिकडचं दिसणारे) केली आणि लवकरच वैतागले. चित्र धुरकट दिसतं राव. वर लिहिलेलं असतं फोर-के, मग धुरकट का? कारण सोपं आहे, फोर-के म्हणजे आडवे ३८४० पिक्सेल, ते टीव्हीवर तुमच्या समोर एका चौकटीत असतात, इथे तेच ३८४० अख्ख्या गोलात पसरवायचे, म्हणजे एका अंशाला जेमतेम १०-११ पिक्सेल. चांगली नजर असलेल्या माणसाला अंशाला साधारण ६० पर्यंतचा बारकावा दिसतो. म्हणजे हेडसेट कितीही भारी घ्या, व्हिडिओच तसा असेल तर लांबच्या माणसाचं तोंड ओळखू येणार नाही. निदान आठ-के शूट असेल तरच वेळ घालवा, तेही डाउनलोड करून, स्ट्रीम करून नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. अशा व्हिडिओत मान फिरवता येते पण जागचं हलता येत नाही. समोर टेबलावर कागद पडलाय, नीट बघू म्हणून तुम्ही पुढे वाकता, आणि कागद जवळ यायच्या ऐवजी टेबलासकट अख्खी खोली तुमच्याबरोबर पुढे सरकते. कॅमेरा शूटिंगच्या वेळी जिथे होता तिथेच तुमचं डोकं खिळलेलं. मेंदूला हे अजिबात पटत नाही आणि पोटात ढवळायला लागतं. तरी अपवाद आहेत. ‘स्पेस एक्सप्लोरर्स: द आयएसएस एक्सपिरियन्स’ ही मालिका अंतराळवीरांनी स्वतः आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर (तेच आयएसएस) कॅमेरा हाताळून शूट केलीय, आणि तिथे माणसं भिंतीवर, छताला, कुठेही लटकून कामं करत असतात, त्यात वर-खाली काही उरतच नाही. हे मी टीव्हीवर कितीदा तरी बघितलं होतं. पण एक जण डोक्याच्या वरून सरपटत गेला तेव्हा मी चक्क मान खाली घातली, आणि ते स्टेशन आतून केवढं अरुंद आहे हे तेव्हा कळलं.

‘केवढं’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

खरी मजा कॉम्प्युटरवर उभारलेल्या जागांमध्ये आहे, जिथे तुम्ही चालू शकता, वाकू शकता, कोपऱ्यात डोकावू शकता. यात मला सगळ्यात जास्त भिडलं ते ‘ॲन फ्रँक हाउस व्हीआर’, नाझींपासून लपून राहताना रोजनिशी लिहिणाऱ्या ज्यू मुलीच्या घराचं. ॲमस्टरडॅममधल्या त्या घराच्या मागच्या भागात १९४२ च्या जुलैपासून १९४४ च्या ऑगस्टपर्यंत आठ माणसं लपून राहिली, हे पाठ असतं आपल्याला. पण आठ माणसं म्हणजे किती, ते त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय समजत नाही. पलंग इथे, टेबल इथे, आणि मधून जायला एवढीशी वाट. मी त्यात उगाच दोन पावलं चालून बघितलं, लगेच काहीतरी समोर आलंच. आणि गंमत म्हणजे प्रत्यक्ष त्या घरात गेलात तर हे दिसणार नाही, कारण ॲनच्या वडिलांच्या इच्छेनुसार तिथल्या खोल्या रिकाम्याच ठेवल्यात, सामान फक्त व्हीआरमध्ये परत मांडलंय. म्हणजे ही त्या वास्तूची नक्कल नाही नुसती, वास्तू जे दाखवत नाही ते हे दाखवतं. बहुतेक ‘व्हर्च्युअल टूर’ नावाचे प्रकार इथेच मार खातात, फोटोत दिसतं तेच मोठं करून दाखवतात आणि वर म्हणतात अनुभव घ्या.

दुसरं नाव घेईन ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस: इनटू डार्कनेस’चं, २०१६ चं आहे, जुनं झालं, ग्राफिक्स आजच्या मानाने काहीच नाही. जॉन हल नावाचे प्राध्यापक होते, १९८० च्या दशकात त्यांची दृष्टी पूर्ण गेली आणि त्यांनी कॅसेटवर बोलून रोजनिशी ठेवली, त्या मूळ आवाजावर हे उभं केलंय. तुम्ही बागेत बसलेले असता आणि सगळा काळोख. पावलांचा आवाज आला की तेवढा माणूस निळसर ठिपक्यांनी उजळतो, आवाज थांबला की गेला. ज्याचा आवाज नाही ते नाहीच. डोळ्यांना बांधायच्या यंत्रात आंधळेपणावरची गोष्ट चालावी हे विचित्रच, पण चालते, कारण बनवणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती की व्हीआरमध्ये गोष्ट पुढे नेतो तो कान, डोळा नाही.

हे जरा विस्ताराने लिहिते कारण इतके महिने बघून माझं मत यावर पक्कं झालंय. सिनेमात दिग्दर्शक ठरवतो तुम्ही काय बघायचं. क्लोजअप लावला की संपलं. इथे चौकटच नाही, महत्त्वाचं पात्र डावीकडून आत येतं तेव्हा मी खिडकीबाहेर ढग बघत असते, आणि ते पात्र मरतं बिरतं तेव्हा मला फक्त धप्पकन आवाज येतो. कट मारला की आपण एका जागेवरून उचलून दुसरीकडे फेकल्यासारखं होतं, त्यामुळे सिनेमासारखे भराभर कट चालत नाहीत. क्लोजअपही नाही, माणूस जवळ दाखवायचा तर तो खरंच जवळ येऊन उभा राहतो आणि आपण मागे सरकतो. म्हणून ज्यांनी सिनेमाच इथे आणून ठेवला त्यांचं फसलं. ज्यांना जमलं ते आधी मागून आवाज देतात, कुजबुज, दार, पाऊल, मग तुम्ही आपणहून वळता आणि तोपर्यंत गोष्ट तुमच्यासाठी थांबलेली असते. हेडफोन चांगले लावा हा या सगळ्या लिखाणातला सगळ्यात उपयोगी सल्ला समजा, हेडसेटच्या पट्ट्यातले स्पीकर कामचलाऊ असतात.

आता सहानुभूतीचं यंत्र वगैरे. २०१५ मध्ये ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हा व्हीआर लघुपट आला, जॉर्डनमधल्या झातारी निर्वासित छावणीत राहणाऱ्या १२ वर्षांच्या सीरियन मुलीचा, आणि तो बनवणाऱ्यांपैकी ख्रिस मिल्क यांनी त्याच वर्षी भाषणात व्हीआरला सहानुभूतीचं यंत्रच म्हटलं. बघितला मी. पोरं तुमच्याभोवती गोळा होतात, थेट तुमच्याकडे बघतात, गलबलतं. पण काढून ठेवल्यावर स्वतःला विचारलं की ही माणसं इथे कशी आली, कोणी कोणावर काय केलं, यातलं नवीन काय कळलं? काहीच नाही. ते वाचूनच कळलं. तिथे उभं राहिलं म्हणजे समजलं असं वाटतं, आणि हे वाटणं मला जरा धोक्याचंच वाटतं, कारण भरून आल्यावर माणूस पुढे वाचत नाही.

शिकण्याचंही नेमकं हेच होतं. माझा भाचा नववीत आहे, त्याला सूर्यमालेचं एक ॲप लावून दिलं. गुरूसमोर उभा राहिला तर "बाप रे केवढाय हा" एवढंच पाच मिनिटं. मग मी विचारलं की शनीला कडी कशामुळे, तर म्हणे ॲपमध्ये काहीतरी सांगत होते पण मी बघत होतो. झालं! हे त्याच्यापुरतं नाही बरं का. माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे, विज्ञानाची एकच प्रयोगशाळा काहींना साध्या स्क्रीनवर दिली, काहींना हेडसेटमध्ये. हेडसेटवाल्यांना तिथे असल्यासारखं जास्त वाटलं आणि शिकणं मात्र कमी झालं. मेंदू सगळा बघण्यातच गुंततो, समजून घ्यायला जागा उरत नाही. शिवाय मध्ये थांबून वहीत लिहिता येत नाही, मागचं पान उलटता येत नाही. लांबलचक मजकूर हवेत तरंगवणारी ॲप्स तर मी बघताक्षणी उडवते.

पण हातांनी करायचं काम असेल तर चित्र पालटतं. २००२ मध्ये येल विद्यापीठाच्या सर्जनांवर चाचणी झाली होती, १६ रेसिडेंट (शिकाऊ) डॉक्टर, निम्म्यांना आधी व्हीआर सिम्युलेटरवर सराव, मग खऱ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत बघितलं तर सराव केलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून सुटं करण्याचा भाग २९ टक्के लवकर केला आणि चुकाही कितीतरी कमी. आणि तो सिम्युलेटर डोक्यावर घालायचा नव्हताच मुळी, स्क्रीन आणि हातात अवजारं. वैमानिक तर कितीतरी दशकं सिम्युलेटरवरच शिकतायत. म्हणजे शिकवतं ते डोळ्यांवरचं चष्म्यासारखं यंत्र नसून हाताने करून बघणं आहे. माझा स्वतःचा फायदा झाला तो रेणूंच्या आकारात. दोन रेणू एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात पण एकावर एक बसत नाहीत, हे पुस्तकात वाचून मान डोलावली होती, इथे दोन्ही हातांत एकेक धरून फिरवत बसले आणि ते बसेचनात तेव्हा डोक्यात बसलं. भूमिती, शरीररचना, यंत्राचे सुटे भाग, जिथे प्रश्न आकाराचा किंवा अंतराचा आहे तिथे याला तोड नाही. व्याकरण, इतिहासाची कारणं, अर्थशास्त्र, यासाठी उगाच डोक्यावर अर्धा किलो घेऊन बसू नका.

वजनावरून आठवलं. सोबत येणारा मऊ पट्टा सगळं ओझं गालांवर टाकतो, मागे वजन येईल असा कडक पट्टा घेतला तेव्हा अर्ध्या तासाच्या वर बसता यायला लागलं. बॅटरी साधारण दोन तास, मान त्याच्या आधी संपते. दोन्ही बुबुळांमधलं अंतर मोजून तेवढं सेट करा, न करता लोक म्हणतात डोळे दुखतात. जवळचं वाचताना डोळे शिणतात ते वेगळ्या कारणाने, डोळे वळतात जवळच्या वस्तूकडे पण फोकस मात्र दीड-दोन मीटरवरच अडकलेला असतो, हा त्रास हेडसेट कुठलाही घ्या राहणारच, म्हणून मजकूर हात लांब करून ठेवा. चालण्यासाठी जॉयस्टिक न वापरता टेलिपोर्ट (जागा दाखवली की एकदम तिथे पोचणं) ठेवा, मळमळ सुरू झाली की लगेच काढा, ‘सवय होईल’ म्हणून दात खाऊन बसू नका, त्याने अख्खा दिवस जातो. भिंगांवर ऊन पडू देऊ नका, आतला डिस्प्ले जळतो. लहान मुलांना द्यायच्या आधी कंपनीने दिलेली वयाची अट वाचा.

एक खरी तक्रार या माध्यमाबद्दलच आहे, ती म्हणजे यात काही टिकत नाही. गूगलने शाळांसाठी ‘एक्सपिडिशन्स’ नावाचं ॲप काढलं होतं, व्हीआरमधल्या शेकडो सहली होत्या त्यात, २०२१ च्या जूनमध्ये बंद केलं, काही मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये हलवला. शिक्षकांनी त्यावर बसवलेले तास गेलेच की. छापलेलं पुस्तक पन्नास वर्षांनी उघडतं, इथे हेडसेट बदलला की चांगली चांगली कामं चालेनाशी होतात. त्यामुळे काही आवडलं तर आत्ताच बघून घ्या.

घ्यावा का विचाराल तर फक्त शिकायला म्हणून नका घेऊ, कोणाचा तरी महिनाभर मागून आणा. गोष्टींसाठी घेत असाल तर घ्या, पण वर्षाला चार-पाचच धडाच्या मिळतील हे धरून चाला. माझा आता आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी निघतो, बाकी वेळ चार्जरवर.