लायसन्स न काढलेल्यांसाठी आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही४ कसा आहे

आधीच सांगतो, माझ्याकडे हॅम रेडिओचं (हौशी लोकांनी रेडिओवरून एकमेकांशी बोलण्याचा छंद) लायसन्स नाहीये. ओहमचा नियम येतो, क्यू-कोड (रेडिओवरचे तीन अक्षरी संक्षेप) येतात, मोर्सही सावकाश असेल तर कळतो, पण परीक्षेचं दरवर्षी पुढे ढकललं जातं, कधी नोकरी मधे येते कधी घरचं काहीतरी. छंद मात्र सुटला नाही, आणि त्याचं मोठं कारण आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही४, कॉम्प्युटरला लावून रेडिओ ऐकायचा हा पेनड्राइव्हएवढा डोंगल. कॉलसाइनवाले, म्हणजे लायसन्सबरोबर स्वतःचं ओळखचिन्ह मिळालेले लोक याला जोडीला ठेवायचा जास्तीचा रिसीव्हर म्हणतात. ज्याला फक्त ऐकताच येतं त्याच्यासाठी हाच मुख्य सेट आहे, म्हणून त्या बाजूने लिहितोय.

आतली आरटीएल२८३२यू चिप मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायच्या डोंगलसाठी बनवलेली, २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की तिच्यातून कच्चा सिग्नल थेट कॉम्प्युटरमध्ये घेता येतो आणि मग बाकी सगळं काम सॉफ्टवेअर करतं, म्हणून नावात एसडीआर, सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ. एका वेळी २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा स्क्रीनवर दिसतो, म्हणजे ४० मीटरचा (तरंगलांबीवरून नाव, ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा हॅम लोकांचा पट्टा) अख्खा बँड एका नजरेत. कुठे कोण बोलतंय ते कानाआधी डोळ्यांना कळतं, आणि ज्याला नॉब फिरवत तासन्‌तास शोधायची सवय आहे त्याला यातला आनंद वेगळा सांगायला नको.

आधीचा व्ही३ आणि हा व्ही४ यांतला खरा फरक एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर आहे. व्ही३ मध्ये त्यासाठी डायरेक्ट सॅम्पलिंग (ट्यूनर वगळून सिग्नल थेट चिपला देणं) वापरावं लागतं, त्यात १४.४ मेगाहर्ट्झच्या अलीकडचे-पलीकडचे सिग्नल एकमेकांवर येऊन पडतात आणि २० मीटरचा बँड नेमका त्या रेषेला खेटून, त्यामुळे नको ती स्टेशनं मधेच उमटतात. व्ही४ मध्ये आतच अपकन्व्हर्टर (शॉर्टवेव्हचे सिग्नल ट्यूनरला झेपतील अशा वरच्या फ्रिक्वेन्सीला नेणारा भाग) आहे, ट्यूनरही वेगळा आर८२८डी, शिवाय एएम आणि एफएम ब्रॉडकास्ट दाबणारे नॉच फिल्टर. ज्याला एचएफच ऐकायचंय त्याने व्ही४ च घ्यावा, माझं याबाबत ठाम मत आहे. फक्त व्ही४ ला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, जुन्या ड्रायव्हरवर लावलात तर नीट चालणार नाही, त्यामुळे आधी ते बघा आणि मगच अँटेनाला नावं ठेवा.

अँटेनावरून आठवलं, पैसे आणि मेहनत खरी तिथे घाला. ४० मीटर बँडचा हाफवेव्ह डायपोल (अर्ध्या तरंगलांबीएवढा, मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना) साधारण २० मीटर लांब होतो, तेवढी जागा नसेल तर जमेल तेवढी लांब वायर आणि एक ९:१ चा अनअन (वायर आणि केबलचा मेळ बसवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर), ऐकायला पुरतं. डोंगल लॅपटॉपला चिकटवून लावू नका, यूएसबी एक्स्टेन्शन घ्या, केबलवर फेराइट (खरखर अडवणारं चुंबकीय कडं) टाका, आणि घरातले एलईडी दिवे, चार्जर एकेक करून बंद करून बघा, नॉइज फ्लोअर, म्हणजे मागची कायमची खरखर, स्क्रीनवर खाली बसताना दिसतो.

सगळ्यात जास्त वेळ माझा एफटी८ वर जातो, म्हणजे कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायच्या डिजिटल पद्धतीवर. जो टेलर (पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले) आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेला हा मोड, १५-१५ सेकंदांचे संदेश, कानाला जे ऐकूसुद्धा येत नाही ते डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर डीकोड करून दाखवतं. ७.०७४ मेगाहर्ट्झला लावा, ४० मीटरवर बोलणं एलएसबीत (लोअर साइडबँड) असतं पण एफटी८ साठी यूएसबीच (अप्पर साइडबँड, केबलवालं नव्हे) ठेवायचं, कॉम्प्युटरचं घड्याळ अचूक हवं, एसडीआरचा आवाज डीकोडरकडे न्यायला व्हर्च्युअल ऑडिओ केबल लागते, ती खरी केबल नाही, एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्याला देणारं सॉफ्टवेअर आहे. अंधार पडला की ४० मीटर लांबपर्यंत उघडतो आणि कुठल्या कुठल्या खंडातले कॉलसाइन रांगेने येत राहतात. कोणाच्या परवानगीशिवाय आयनोस्फिअर (रेडिओ लहरी परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा थर) कसं चालतं हे मी इथेच शिकलो.

वरच्या बाजूला १४५.८०० मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाचा डाउनलिंक, म्हणजे तिथून खाली येणारा सिग्नल. शाळांशी ठरलेल्या गप्पा असल्या की साध्या अँटेनावरही अंतराळवीराचा आवाज येतो, शाळा लांब असेल तर मुलांचे प्रश्न ऐकू येत नाहीत, फक्त उत्तरं, आणि जेमतेम दहा मिनिटांत ते क्षितिजाखाली. अंगावर काटा येतो दरवेळी.

मर्यादा आहेत. एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ८-बिटचा, जवळ दणकट स्टेशन असेल तर गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, कमी करावाच लागतो, नाहीतर दुबळे सिग्नल बुडतात. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, हाताला गरम लागते, ते अपेक्षितच आहे. नकली मालही खूप फिरतो, खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

आणि एक गोष्ट हा डोंगल भरून काढत नाही. कोणीतरी सीक्यू सीक्यू (कोणी आहे का, बोला, अशी हाक) करत राहतो, आवाज स्वच्छ येतोय, त्याला कोणीच उत्तर देत नाही, आणि तुम्हाला माहितीये की तुम्ही त्याला ऐकताय. तेव्हा फार वाईट वाटतं. मी वेळ, फ्रिक्वेन्सी, सिग्नल कसा होता हे सगळं नोंदवून अशांना श्रोत्याचा रिपोर्ट पाठवतो, काही जण क्यूएसएल कार्ड, म्हणजे रिपोर्ट पोचल्याची पोच देणारं पोस्टकार्ड, पाठवतातही. ऐकण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत तेवढे तपासून घ्या. बाकी परीक्षा होईल तेव्हा होईल, तोपर्यंत थांबून राहू नका, लावा आणि ऐका.